आरोळ्यांचे वारस

जामखेड म्हटलं की इतिहासाच्या विद्यार्थ्याला खर्डा आठवतो. १७९५ साली मराठ्यांनी निजामाला जिथे नमवलं ते गाव याच तालुक्यातलं. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडीही इथलंच. एरवी नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, जामखेडची ओळख दुष्काळी तालुका एवढीच. नगरहून निघालं की कडा, आष्टी करत रस्ता बीड जिल्ह्यात शिरतो आणि बाहेर पडतो तो जामखेडात. ज्वारी-तुरीचा भरवसा नाही, पाऊस रुसला की बिऱ्हाड पाठीवर टाकून ऊसतोडीला जायचं, हे इथल्या कितीतरी घरांचं वार्षिक वेळापत्रक.

सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना मात्र या गावाचं नाव पाठ असतं. याला कारण १९७० साली इथे येऊन राहिलेलं एक ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य, रजनीकांत आणि मेबल आरोळे. त्यांनी उभा केलेला ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट’ जगभर नुसता ‘जामखेड’ म्हणून ओळखला जातो. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. संस्थापक गेला की भिंतीवर तसबीर लागते, जयंतीला हार चढतो आणि काम हळूहळू कारकुनी होत जातं, हे महाराष्ट्राने पुष्कळ संस्थांत पाहिलेलं आहे. जामखेडला आरोळ्यांनी जे मागे ठेवलं, त्याची घडण मुळातच वेगळी होती.

नगरचं जुनं पेव

रजनीकांत आरोळ्यांचा जन्म १९३४ चा, याच जिल्ह्यातला. आई-वडील दोघंही शिक्षक. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती घर आणि शाळामास्तर ही जोडी जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं आणि पुढच्या शंभर वर्षांत शाळा, दवाखाने, वसतिगृहं गावोगाव उभी राहिली. महार आणि मांग समाजातली अनेक कुटुंबं या वाटेने ख्रिस्ती झाली. दुष्काळात भाकरी मिळाली म्हणून धर्म बदलला, हा टोमणाही त्यांच्या वाट्याला आला. तो आजही अधूनमधून ऐकू येतो.

या मिशनने नगरला काय दिलं याचा हिशेब चर्चच्या वहीत पाहिला तर बाप्तिस्म्यांचा आकडा हाती लागतो. तेवढ्यावर थांबलं तर सिंथिया फॅरारबाई हिशेबातून सुटतात. अमेरिकेतून अविवाहित आलेली ही बाई १८२७ मध्ये मुंबईत उतरली, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवू लागली आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. तिची शाळा पाहायला पुण्याहून एक तरुण आला होता, जोतिराव फुले. त्यानंतर १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे घेतले त्यातही नगरच्या फॅरारबाईंचं नाव येतं. जोतिराव ख्रिस्ती झाले नाहीत, सावित्रीबाईही नाहीत. मिशनला मनापासून हवं होतं ते इथे घडलं नाही. पण फॅरारबाईंच्या पस्तीस वर्षांच्या खटपटीतून महाराष्ट्राच्या हाती सर्वांत मोठं काय आलं असं विचारलं, तर बोट याच घटनेकडे जातं.

याच मिशनच्या परिसरात नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि उपासनेत अभंग, भजन, कीर्तन आणण्यासाठी आयुष्य वेचलं. परक्या चालीवर गुडघे टेकणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या हाती त्यांनी टाळ दिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे त्या काळचं नगर मराठी घराघरांत पोचलं. म्हणजे आरोळे जन्मले तेव्हा या जिल्ह्यातला ख्रिस्ती माणूस पाहुणा राहिला नव्हता. त्याची भाकरी, त्याची भाषा आणि त्याचा दुष्काळ शेजाऱ्यासारखाच होता.

वडाळ्याची रांग

रजनीकांत डॉक्टर व्हायला वेल्लोरला गेले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची कुळकथा तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. मिशनरी घराण्यातली आयडा स्कडर ही तरुणी दक्षिणेत आई-वडिलांकडे आली असताना एकाच रात्री तिच्या दारात तीन नवरे आले. तिघांच्या बायका बाळंतपणात अडलेल्या होत्या आणि पुरुष डॉक्टर कुणालाच चालत नव्हता. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. आयडा अमेरिकेला जाऊन डॉक्टर होऊन परतली. १९०० मध्ये तिने एका खाटेचा दवाखाना काढला आणि १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा. मुलांना तिथे प्रवेश मिळाला तो १९४७ पासून. आयडाबाईंच्या हयातीतच रजनीकांत तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडले, आणि त्यांची सहाध्यायी मेबलही. १९६० मध्ये दोघांचं लग्न झालं. खेड्यातल्या गोरगरिबांसाठी आयुष्य द्यायचं, अशी शपथ त्यांनी लग्नातच घेतली.

शपथ पाळायला ते नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात आले. तिथे त्यांनी पडेल ते काम केलं. ऑपरेशनं, बाळंतपणं, रात्री-अपरात्री येणारी बैलगाडी, सगळं. दवाखान्याचं नाव झालं, रांग वाढली. रांगेकडे बघूनच दोघांचं मन खाऊ लागलं. जुलाबाने सुकलेलं मूल सलाइन लावून बरं करून पाठवावं, तर काही आठवड्यांनी तेच मूल तसंच परत यायचं. घरचं पाणी तेच, उपासमार तीच. येणाऱ्यांतले बहुतेक आजार होऊच नयेत अशा जातीचे होते. दवाखाना कितीही वाढवला तरी आजाराचं मूळ त्याच्या कुंपणाबाहेर, गावात होतं.

कुठल्याही सेवाभावी डॉक्टरला रांग सुखावते. रांग म्हणजे विश्वास आणि कामाची पावती. आरोळ्यांनी तिला अपयशाची खूण मानलं. ते अमेरिकेला गेले, तिथल्या रुग्णालयांत काम केलं आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथेच पुढच्या प्रकल्पाचा आराखडा तयार झाला. १९७० मध्ये ते जामखेडला आले.

आधी पाणी

ते आले आणि पाठोपाठ ७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको: खडी फोडायची कामं, सुकडी, मिलो, विहिरींचे उघडे तळ. लोकांना काय हवंय असं विचारलं तर दवाखान्याचं नाव पहिलं येत नव्हतं. पाणी आणि अन्न, या क्रमानेच उत्तर येई. आरोळ्यांनी तोच क्रम धरला.

बोअर घ्यायच्या ठरल्या, तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील याची काळजी घेतली गेली. याचा अर्थ त्या काळातल्या गावातच समजतो. जी वस्ती विहिरीपासून लांब उभी राहायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतील म्हणून वाट बघायची, त्या वस्तीत आता गावाने घागर घेऊन यायचं होतं. भाषण झालं नाही, समतेची प्रतिज्ञा झाली नाही. तहानेने लोक तिथे गेले आणि नंतर ते अंगवळणी पडलं.

मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. तरुण शेतकऱ्यांची मंडळं निघाली. रजनीकांत संध्याकाळी गावातल्या तरुणांबरोबर व्हॉलीबॉल खेळत. जाळीच्या एका बाजूला पाटलाचा मुलगा आणि दलित वस्तीतला मुलगा असे खांद्याला खांदा लावून उभे राहिले की निदान खेळापुरती जात मागे पडे. खेळ संपल्यावर तिथेच बसून गप्पा होत: शेती, बियाणं, कर्ज, आणि हळूच पोरांचे जुलाब.

नर्सबाई टिकेना

आरोग्यसेवा गावात न्यायची म्हणून आधी शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. शहरात शिकून आलेल्या मुलीला खेड्यात एकटं राहायची धास्ती, आणि गावालाही ती परकीच. ‘गरोदरपणी नीट जेव’ असं तिने सांगितलं की सासूबाई मान हलवत आणि सुनेच्या ताटात अर्धीच भाकरी टाकत. पोटातलं मूल मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल, ही पिढ्यांची समजूत होती. बाहेरून आलेल्या मुलीच्या शब्दाने ती कशी हलणार?

त्यातून गावातलीच बाई तयार करायचा विचार पुढे आला. निवड गावाने करायची. बहुतेक बायका अक्षरशत्रू होत्या. पुष्कळ दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. पाटी-पेन्सिल हातात न धरलेल्या बाईला औषध शिकवायचं, हे ऐकून त्या काळी डॉक्टर मंडळी हसली असती तर नवल नव्हतं.

या बायका जामखेडला येत, मुक्कामाला राहत. सगळ्या जातींच्या बायका एकाच खोलीत झोपत, एकत्र जेवत. काहींना पहिल्यांदा घास उतरला नसेल. पण दुसऱ्या जातीच्या बाईच्या हातचं खाणं हाच पहिला धडा होता. उद्या जिच्या बाळंतपणाला जायचं तिची जात विचारून कसं चालेल?

मग कौशल्यं. जुलाब झालेल्या मुलासाठी लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, त्यात मूठभर साखर आणि तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ. आधी स्वतः चाखायचं, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर टाकून द्यायचं. ना वजनकाटा, ना अक्षर. महारोगाची तपासणीही अशीच: अंगावरच्या फिकट चट्ट्यावर पिसाचं किंवा कापसाचं टोक फिरवायचं, डोळे मिटलेल्या माणसाला कुठे स्पर्श झाला ते बोटाने दाखवायला सांगायचं. चट्ट्यावर बोट चुकलं की ओळखायचं. बाळंतपणाला नखं कापलेले, साबणाने धुतलेले हात, नाळेसाठी नवं ब्लेड आणि उकळलेला दोरा. तान्ह्याला पहिला चीक काढून टाकायचा नाही, पाजायचा.

गावात परतल्यावर तिचा शब्द चालू लागला, कारण ती बोलायची ते गावच्याच बोलीत आणि तिची स्वतःची पोरं जगताना गाव बघत होतं. देवीच्या कोपाने मूल आजारी पडतं म्हणणाऱ्या घरात ती देवीला शिव्या घालत नसे. अंगारा लावू द्यायची आणि सोबत साखर-मिठाचं पाणीही पाजायची.

यांतल्या मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं: डॉक्टर या झुंबरासारखे, देखणे पण महाग, आणि बघायला हजारो मैल यावं लागतं, आम्ही पणतीसारख्या, पण एका पणतीवरून दुसरी लावता येते. एरवी गावच्या सभेत तोंड न उघडणारी बाई जगातल्या तज्ज्ञांसमोर हे बोलत होती.

श्रद्धा कुठे होती?

आरोळे ख्रिस्ती होते आणि ते त्यांनी कधी झाकून ठेवलं नाही. प्रार्थना हा त्यांच्या दिवसाचा भाग होता. पण औषधाच्या बदल्यात धर्म हा सौदा जामखेडला झाला नाही. त्यांच्या आरोग्यसेविकांत हिंदू होत्या, बौद्ध होत्या, मुसलमान होत्या, आणि त्या तशाच राहिल्या. तरीही ख्रिस्ती सेवा म्हणजे धर्मांतराचा गळ, हा संशय आपल्याकडे नेहमी तयार असतो. तो सगळीकडे निराधार आहे असं म्हणणंही इतिहासाशी धरून होणार नाही. एकोणिसाव्या शतकात कित्येक मिशनऱ्यांनी शाळा-दवाखान्यांकडे धर्मप्रसाराचं साधन म्हणून उघडपणे पाहिलं होतं.

तर मग आरोळ्यांच्या कामात ख्रिस्ती काय होतं? शुभवर्तमानात येशू अखेरच्या भोजनाच्या वेळी कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतो असा प्रसंग आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी अनेक चर्चमध्ये आजही धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. वर्षातून एकदा विधी म्हणून हे सोपं आहे. डॉक्टरने हे आपल्या धंद्यात करायचं म्हटलं तर काय करावं लागेल? त्याचं मोठेपण ज्या ज्ञानावर उभं आहे ते ज्ञान त्याला हातचं न राखता वाटून टाकावं लागेल, आणि तेही गावाने सर्वांत खाली बसवलेल्या बाईला. आरोळ्यांनी नेमकं तेच केलं. आपल्याकडे वैद्यकी ही फार पूर्वीपासून राखून ठेवायची विद्या. गुरू शेवटचा डाव शिष्याला शिकवत नाही ही म्हण उगाच पडलेली नाही. त्या परंपरेत जामखेडच्या खोलीत बसून निरक्षर बायकांना नाडी, चट्टा, ताप, बाळंतपण समजावून देणं ही मोठीच धर्मकृती होती. ती करताना त्यांना कुणाचं नाव बदलावं लागलं नाही.

आकडे आणि आक्षेप

१९७१ मध्ये प्रकल्पाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला आणि नव्वदच्या दशकात तिशीच्या खाली उतरला. पाच वर्षांखालच्या मुलांतलं कुपोषण सुरुवातीला ४० टक्के होतं, तेही झपाट्याने घटलं. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक तुलनात्मक अभ्यास छापून आला. प्रकल्पाच्या गावांतले बालमृत्यू शेजारच्या इतर गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी असल्याचं त्यात दिसलं. हे अंतर जामखेडच्या डोळे दिपवणाऱ्या घसरणीइतकं मोठं नाही. कारण दरम्यान रस्ते, लसी, शिक्षण सगळीकडेच पोचत होतं. पण काम सुरू होऊन काही दशकं उलटल्यावरही ते उरलं होतं, ही लहान गोष्ट नव्हे.

जगाने दखल घेतली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडचा अनुभव छापला गेला. १९७८ मध्ये अल्मा-आटाला ‘सर्वांसाठी आरोग्य’ची घोषणा झाली तेव्हा तो अभ्यासकांच्या समोर होता. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण.

आक्षेपही आहेत आणि ते टाळण्यासारखे नाहीत. गरीब बाईकडून बिनपगारी सेवा घ्यायची आणि तिला प्रतिष्ठा मिळाली म्हणायचं, हा न्याय आहे का? जामखेडचं उत्तर असं की तिला पगारी नोकर केली तर ती गावाची राहणार नाही, वरच्या साहेबाची होईल. म्हणून पगाराऐवजी तिला बचतगट, कर्ज, शेळ्या, छोटा धंदा यांच्या वाटा उघडून दिल्या. हे उत्तर जामखेडच्या गावांत काही अंशी खरं ठरलं. राज्य आणि देश चालवताना ते पुरत नाही.

केंद्र सरकारने १९७७ मध्ये गावोगाव आरोग्यरक्षक नेमायची योजना काढली. त्यात बहुतेक पुरुष भरले गेले, निवडीत गावच्या पुढाऱ्यांचा हात फिरला आणि योजना विरली. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आल्या. गावातलीच बाई, गावासाठी, ही कल्पना आता साऱ्या देशाची झाली. तिच्यामागे छत्तीसगडच्या ‘मितानिन’ आरोग्यसेविका आहेत, गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घडवलेल्या आरोग्यदूत आहेत आणि सर्वांच्या आधीचं जामखेड आहे. कोविडमध्ये घरोघर फिरलेल्या याच बायकांचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये गौरव केला. आणि याच बायका मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या. सरकारने जामखेडकडून बाई घेतली, तिची औषधांची पिशवी घेतली, स्वेच्छासेवेचा मुद्दाही सोयीने घेतला. तिचं ऐकणारा डॉक्टर, तिला वर्षानुवर्षं शिकवत राहणारी खोली आणि जात मोडणारी पंगत मात्र घ्यायची राहून गेली. उलट रजिस्टरं आणि मोबाइलवरची माहिती भरून भरून तिचं निम्मं काम कारकुनाचं झालं.

उरतं ते कुणाकडे?

आज जामखेडचं रुग्णालय आणि प्रशिक्षण केंद्र आरोळ्यांची पुढची पिढी, मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी, पुढे नेते आहे. देशोदेशीचे लोक शिकायला येतात. त्यांच्यासमोर शिकवायला त्याच आरोग्यसेविका उभ्या राहतात. आधी विद्यार्थिनी, मग सेविका, मग शिक्षिका हा प्रवास आरोळ्यांनी रचलेल्या पद्धतीतच होता. रक्ताचे वारस संस्था सांभाळतात, पण कामाचे वारस गावांत पांगलेले आहेत. संस्थेला उद्या वाईट दिवस आले तरी साखर-मिठाचं पाणी करणारा हात विसरणार नाही.

फॅरारबाईंचा वारसा फुल्यांकडे गेला, आयडाबाईंचा आरोळ्यांकडे आणि आरोळ्यांचा जामखेडच्या बायकांकडे. यांतले काही वारस ख्रिस्ती आहेत, बरेच नाहीत. देणाऱ्याला वाटेल त्यालाच वारसा मिळेल असं या गोष्टीत कुठेच घडलेलं नाही. जिथे देणाऱ्याने वारस आधीच ठरवून ठेवला, तिथे इमारत, विश्वस्त मंडळ आणि कोर्टातली तारीख एवढंच उरल्याची उदाहरणं आपल्याकडे सगळ्याच धर्मांच्या न्यासांत हवी तेवढी सापडतील.

म्हणून सेवेचं काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेने, मग ती मठाची असो, मशिदीची, चर्चची किंवा निव्वळ समाजवादी, वार्षिक अहवालात लाभार्थ्यांचा आकडा छापण्याआधी दुसरा एक आकडा मोजावा. काल जे रांगेत उभे होते, त्यांतले किती जण आज टेबलाच्या या बाजूला येऊन बसले? जामखेडने पन्नास वर्षांपूर्वी हा हिशेब मांडायला घेतला. तो कागद कुणीही वाचावा असा उघडा आहे. आपली खुर्ची रिकामी करून द्यायची तयारी मात्र ज्याची त्याने करायची आहे.